गाडीतलं घर, मुरमावरचं गोल्फ: विदर्भातला हिवाळा दोघांनी कसा काढावा

विदर्भात गाडीत राहायचं तर आधी माती ओळखता यायला हवी. गाडी कुठे लावायची, सांडपाणी कुठे जिरवायचं, गोल्फचा बॉल कुठे उसळेल आणि कुठे गडप होईल, हे सगळं मातीच ठरवते. कोरडी काळी माती सिमेंटसारखी कडक लागते म्हणून तिच्यावर विश्वास टाकू नका. अर्ध्या तासाच्या पावसात ती चाकाला चिकटून मडगार्डपर्यंत भरते आणि साडेतीन टनांची गाडी जागची हलत नाही. म्हणून मुक्काम मुरमावर करायचा. शंका असेल तर सब्बल (पहार) मारून बघा. दोन ठोक्यांत वीतभर आत गेली तर ती जागा मुक्कामाची नाही.

तरीही फसलात तर रेस वाढवू नका, चाक आणखी खाली जातं. धुऱ्यावर (बांधावर) पडलेल्या पऱ्हाट्या किंवा तुराट्या, म्हणजे कापसाच्या किंवा तुरीच्या वाळक्या काड्या, चाकाच्या पुढे आडव्या टाका आणि दुसऱ्या गिअरमध्ये हळू क्लच सोडा. ट्रॅक्टर बोलवावा लागला तर दोर चासीच्या हुकाला बांधा. बंपरला बांधला तर बंपरच हातात येतो.

मोसम ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत. सोयाबीन निघालेलं असतं, कापसाची वेचणी सुरू असते, पांदण रस्ते वाळलेले असतात. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा दहाच्या खाली येतो, दुपारी अठ्ठावीस-तीसवर असतो. मार्चमध्ये चाळिशी गाठली जाते आणि मे महिन्यात चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोल्याकडे पंचेचाळीस पार. त्या दिवसांत पत्र्याच्या गाडीत राहण्याचा हट्ट धरू नये. फेब्रुवारी-मार्चात गारपीटही होते. आभाळ काळंनिळं होऊन गार वारा सुटला की सोलर पॅनेलवर जुनी गोधडी दोरीने बांधा आणि गाडी डांबरी रस्त्याजवळ घ्या. पाऊस सुरू झाल्यावर निघू, असं ठरवलं तर उशीर झालेला असतो.

जागा आणि परवानगी

अमेरिकेत अ‍ॅरिझोनातल्या क्वार्टझ्साइटजवळ सरकारी वाळवंटी जमिनीवर १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल असा हंगामी परवाना काढून लोक गाड्यांत राहतात. आपल्याकडे गावशिवारात अशी सोय नाही. इथे परवानगी माणसाकडून घ्यायची. खासगी वावर असेल तर मालकाला विचारा, गावची ई-क्लास जमीन असेल तर सरपंच किंवा ग्रामपंचायत अधिकाऱ्याला (पूर्वीचे ग्रामसेवक), आणि दोन्ही वेळेला पोलीस पाटलाच्या कानावर घाला. ई-क्लास ही गुरांची चराई आहे. गाडी गुरांच्या वाटेवर किंवा पाणवठ्याच्या तोंडाशी लावली तर दुसऱ्या दिवशी गुराखी येऊन बोलणारच, आणि त्याचं बरोबर असेल. ताडोबा, पेंच, बोर, नवेगाव-नागझिरा, मेळघाट या जंगलांच्या बफरमध्ये उघड्यावर मुक्काम करूच नका. तिथे गावात, घरांच्या मध्ये जागा मागा.

गाडीचं तोंड पूर्वेला, मागची बाजू पश्चिमेला ठेवा. मावळतीकडचं तिरपं ऊन मग बरंचसं मागच्या अरुंद दरवाज्यावर पडतं. आपल्याकडच्या टेम्पो ट्रॅव्हलरचा सरकता दरवाजा डाव्या अंगाला असतो, म्हणजे तो आपोआप उत्तरेला येतो आणि हिवाळाभर त्या बाजूला सावली मिळते. छत्र, खुर्च्या, शेगडी सगळं तिकडे. बाभळीखाली लावू नका, काटे टायरमध्ये शिरतात. गर्द निंबाखाली लावली तर सावली मिळते, पण सोलर झोपतं. दोन्ही हवं असेल तर एक सुटं पॅनेल आणि दहा मीटर वायर जवळ ठेवा.

गाडीत पलंग, टाकी, ओटा बसवताना आरटीओचं बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे बदलाला मंजुरी लागते आणि मोटार कॅरॅव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे मानक आहे. दुसरं, वजन. पाणी, बॅटरी, गॅस, गोल्फची पिशवी सगळं भरून गाडी जिनिंगच्या वजनकाट्यावर न्या. आधी फक्त पुढची चाकं, मग फक्त मागची चाकं काट्यावर घ्या. एकूण वजन मर्यादेत असतं आणि मागचा एक्सल मात्र जादा भरलेला असतो, हे नेहमीचं. पाण्याची टाकी मागच्या टोकाला बसवल्याने ते होतं. ती दोन्ही एक्सलच्या मध्ये, तळाशी, पट्ट्यांनी जखडलेली हवी.

पाणी

दोघांना हिवाळ्यात रोज ४५ ते ५० लिटर धरा: पिण्याला ६, स्वयंपाकाला ६, भांड्यांना १०, दोन आंघोळींना २४ आणि वरखर्च. १५० लिटरची टाकी म्हणजे तीन दिवस. पिण्याचं पाणी या टाकीत मिसळू नका. त्यासाठी २० लिटरच्या दोन कॅन वेगळ्या ठेवा.

विहिरीचं किंवा बोअरचं पाणी मिळालं म्हणजे प्यायला चालेलच असं नाही. अकोला, अमरावती, बुलडाण्यातल्या पूर्णा खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. तिथलं पाणी भांड्यांवर पांढरा थर धरतं आणि डाळ शिजू देत नाही. यवतमाळ, चंद्रपूरच्या काही गावांत फ्लोराइड जास्त आहे. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं टीडीएस मीटर जवळ ठेवा. पिण्यासाठी ५०० पर्यंत उत्तम, दुसरा स्रोतच नसेल तर २००० ही शेवटची हद्द. पण फ्लोराइड त्या मीटरला वेगळं कळत नाही, त्यासाठी गावातल्या लोकांना विचारावं लागतं: "प्यायचं पाणी तुम्ही कुठून आणता?" ते जिथून आणतात तिथूनच तुम्ही आणा. बहुतेक ठिकाणी आरओचं पाणी कॅनने मिळतं.

जंतूंसाठी क्लोरीनची अर्ध्या ग्रॅमची एक गोळी २० लिटरला पुरते. नागपूरच्या नीरी संस्थेने बसवलेलं हे प्रमाण आहे. गोळी टाकून किमान अर्धा तास थांबा. पाणी गढूळ असेल तर आधी चार पदरी धोतराच्या कापडातून गाळा, नाहीतर गोळी गाळावरच खर्च होते. खारटपणा आणि फ्लोराइड गोळीने जात नाहीत.

टाकी शेतातल्या मोटारीवर भरायची असेल तर शेतकऱ्याला विचारा, "या आठवड्यात लाईन दिवसा आहे की रात्री?" कृषी पंपांचा पुरवठा पाळीने येतो. बऱ्याच पंपांना ऑटो-स्विच लावलेला असतो. लाईन आली की मोटार आपोआप फिरते. म्हणून स्टार्टरच्या पेटीला, उघड्या पट्ट्याला, पाइपाच्या जोडाला हात लावू नका, आणि त्या पेटीतून गाडीला वीज तर मुळीच घेऊ नका.

वीज

हिशेब वॅट-तासांत करा, म्हणजे दुकानदाराच्या बोलण्यावर अवलंबून राहावं लागत नाही. १२ व्होल्टचा ४५ लिटरचा कॉम्प्रेसर फ्रिज दिवसाला सुमारे ५००, २० वॅटचे दोन पंखे दहा तास म्हणजे ४००, दिवे ५०, फोन आणि पंप मिळून १००. एकूण साधारण १०५०. २०० अँपिअर-तासाची १२.८ व्होल्टची लिथियम फॉस्फेट बॅटरी २५६० वॅट-तासांची असते. तिचे ८० टक्के वापरायचे ठरवले तरी दोन दिवस निघतात. ४०० वॅटची पॅनेलं हिवाळ्याच्या स्वच्छ दिवशी सगळी घट धरून १३०० ते १४०० वॅट-तास देतात. कापसाच्या दिवसांत पांदणीवरून गाड्या जातात आणि पॅनेलवर धूळ बसते. ओल्या फडक्याने पहाटे पुसा. दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नका.

पॅनेल छताला चिकटवून बसवलं तर खालून हवा खेळत नाही. पॅनेलचं तापमान ६५ अंशांवर गेलं की पंचवीस अंशांच्या मानाने सुमारे १४ टक्के वीज कमी मिळते. किमान दोन इंच फट ठेवा.

तक्रारी येतात त्या बहुतेक वायरीच्या. बॅटरीपासून फ्रिज पाच मीटर लांब आहे आणि त्याच वायरीवर पंखे, पंप मिळून २० अँपिअर ओढले जातात, असं धरा. जाता-येता वायर दहा मीटर. ४ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीत जवळजवळ ०.९ व्होल्ट वाटेतच जातात. मग रात्री बॅटरी भरलेली असूनही फ्रिज 'लो व्होल्टेज' दाखवून बंद पडतो आणि दोष बॅटरीला दिला जातो. १० चौरस मिलिमीटरची वायर घातली की घट ०.३५ व्होल्टवर येते. फ्यूज बॅटरीच्या प्लस टोकापासून वीतभर अंतराच्या आत हवा. त्यापुढची वायर घासून शॉर्ट झाली तर फ्यूज उडतो, फ्यूजच्या अलीकडची झाली तर गाडी जळते.

लिथियम फॉस्फेट बॅटरी साधारण ४५ अंशांपर्यंतच चार्ज करायची असते. ड्रायव्हरच्या सीटखाली, इंजिनाच्या भिंतीला लागून ठेवलेली बॅटरी दुपारी चार्ज घेणं थांबवते, ते याच कारणाने. पलंगाखाली, उत्तरेच्या अंगाला ठेवा.

कुणाच्या घरून प्लग घ्यायचा असेल तर तीन पिनांचा टेस्टर लावून अर्थिंग बघा. गावाकडे सॉकेटला तिसरं छिद्र असतं, त्यामागे वायर असतेच असं नाही. अर्थिंग नसेल तर गाडीच्या पत्र्याला करंट उतरू शकतो.

मार्चचे पहिले दिवस काढायचेच असतील तर छोटा १२ व्होल्टचा कूलर चालतो, कारण हवा कोरडी असते. बाहेर चाळीस असताना तो आत अठ्ठावीस-तीसची हवा फेकतो. मात्र ताशी तीन-चार लिटर पाणी पितो, तेवढं टाकीच्या हिशेबात धरा. कूलर लावून सगळ्या खिडक्या बंद करणारे पुष्कळ. अर्ध्या तासात आत दमट होतं आणि अंग चिकचिकतं. कूलरच्या समोरची खिडकी चार बोटं उघडी हवीच. लाकडी भुशाच्या ताट्यांपेक्षा वाळ्याच्या ताट्यांना वास छान, पण हवा कमी जाते.

गोल्फ

ऑस्ट्रेलियात कूबर पेडी या वाळवंटी गावात गवत नसलेलं गोल्फचं मैदान आहे. तिथे खेळाडू कृत्रिम गवताचा एक तुकडा सोबत बाळगतात, त्यावर बॉल ठेवून मारतात आणि तुकडा उचलून पुढे जातात. ग्रीन, म्हणजे भोकाभोवतीची सपाट जागा, गवताचं नसतं, तेल घातलेल्या वाळूचं असतं. विदर्भातल्या माळाला ही रीत जशीच्या तशी लागू पडते. फक्त तेल सोडून द्यायचं. दुसऱ्याच्या जमिनीत तेल ओतायचा आपल्याला अधिकार नाही, आणि त्याची गरजही नाही, कारण आपल्याकडे खळं आहे.

खळ्याचं ग्रीन असं करा. मुरमाड किंवा पांढऱ्या मातीची जागा निवडा. काळ्या मातीचं खळं आठवडाभरात तडकतं. पाच मीटर व्यासाचं वर्तुळ आखा, गवत मुळासकट काढा, माती चार बोटं खणून ढेकळं फोडा. संध्याकाळी पाणी शिंपडून रात्रभर मुरू द्या. सकाळी माती मुठीत वळली पण हाताला चिकटली नाही, की धुम्मसाने ठोका. एका बाजूला मीटरमागे दोन सेंटिमीटरचा उतार ठेवा, म्हणजे अवकाळी पावसाचं पाणी थांबत नाही. मग शेणकाला. १५ लिटरच्या बादलीत तिसरा हिस्सा ताजं शेण, बाकी पाणी. त्यातल्या काड्या काढून खराट्याने सडा पसरवा. वाळलं की दुसरा हात द्या. दोन दिवसांत जमीन घट्ट होते. आता बॉल फरशीवरून घसरावा तसा पळेल, म्हणून चाळणीने चाळलेली नाल्याची बारीक वाळू ३-४ मिलिमीटर जाडीने पसरा. वाळू वाढवली की बॉल हळू जातो, कमी केली की वेगाने. पटिंगच्या, म्हणजे बॉल भोकात ढकलण्याच्या, आधी बॉलपासून भोकापर्यंत एक पाटी ओढून वाट सपाट करायची, ही वाळूच्या ग्रीनची जुनी पद्धत.

भोक नियमाने १०८ मिलिमीटर व्यासाचं आणि किमान १०१.६ मिलिमीटर खोल असतं. ११० मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपाचा अर्धा फूट तुकडा गाडला तर आतला व्यास १०४-१०५ भरतो. सरावाला हे थोडं अरुंद भोक उलट चांगलं. तळाला मूठभर खडी टाका, पाणी साचत नाही. झेंड्याला तुरीची सरळ काडी आणि लाल फडकं पुरतं.

अंतराचा अंदाज एकरात करा. चौरस एकराची बाजू ६४ मीटर असते. म्हणजे एका एकरात ४०-५० मीटरचे पिच आणि चिप (जवळचे छोटे फटके) करता येतात, सात नंबरच्या आयर्नचा (लोखंडी डोक्याच्या काठीचा) पूर्ण फटका नाही. साधा खेळाडू सात नंबरने १२० ते १४० मीटर मारतो आणि कडक मुरमावर पडल्यावर बॉल आणखी तीस-चाळीस मीटर उसळत जातो. त्यासाठी समोर दोनशे मीटर मोकळं आणि दोन्ही अंगांना प्रत्येकी पन्नास हवं. ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब मारणारी काठी, पिशवीतून काढूच नका. ४५ ग्रॅमचा बॉल वेचणी करणाऱ्या बाईच्या डोक्याला लागला तर काय होईल, ते सांगायला नको. वेचणी, कोळपणी, चराई चालू असलेल्या शिवारात फक्त स्पंजचे बॉल वापरा.

पिशवी दोघांत एकच: एक हायब्रिड, ७ आणि ९ नंबरचे आयर्न, पिचिंग वेज, ५६ अंशांचा सँड वेज आणि दोन पटर. नियमाने एकाला चौदा काठ्यांची मुभा आहे, पण इथे त्या वाहून नेणं म्हणजे नुसती हमाली. आयर्न जुनेच घ्या. मुरमाखाली काळा दगड असतो, त्यावर नवी काठी आपटली की तळाला खोक पडते आणि मनगट झिणझिणतं. गवताचा तुकडा एक फूट बाय दोन फूट, खाली १५ मिलिमीटर रबर असलेला घ्या. पातळ तुकडा फटक्यासरशी बॉलच्या मागे उडतो.

दोघांनी एकाच बॉलने आळीपाळीने मारायचं, म्हणजे फोरसमची पद्धत, इथे सगळ्यात सोयीची. एक जण मारतो, दुसरा तिरका बाजूला, पन्नास पावलांवर उभा राहून बॉल कुठे टप्पा घेतो ते बघतो. समोर उभं राहायचं नाही. बॉलचा रंगही शिवार बघून निवडा. फुटलेल्या कापसाच्या वावराजवळ पांढरा बॉल म्हणजे गेलाच. वाळक्या गवतात पिवळा दिसत नाही. भडक गुलाबी किंवा नारंगी सगळीकडे दिसतो. जानेवारीनंतर काळ्या मातीला भेगा पडतात, काही चार बोटं रुंद आणि हातभर खोल. बॉल आत गेला तर हात घालू नका. भेगेत विंचू असतो, कधी सापही. बॉल सोडून द्या.

दोन कडक नियम. पहिला, तारेचं कुंपण ओलांडून बॉल आणायचा नाही. रानडुकरं आणि रोह्यांसाठी (नीलगायींसाठी) लावलेली, विजेचा झटका देणाऱ्या मशीनची तार असते, आणि काही ठिकाणी बेकायदा थेट लाईनही सोडलेली असते. दिसायला दोन्ही सारख्याच. दुसरा, फवारणी झालेल्या कापसाच्या धुऱ्याला खेळायचं नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी, शेतमजूर दगावले. ते औषध बॉलवरून बोटांना आणि बोटांवरून भाकरीला लागतं. बॉल चाटून किंवा थुंकी लावून पुसायची सवय असेल तर ती सोडा.

बंकरचा, म्हणजे वाळूच्या खड्ड्यातून मारण्याचा, सराव कोरड्या नदीच्या वाळूत होतो. कन्हान, वर्धा, पैनगंगेला हिवाळ्यात मोकळी वाळू असते. पायी जा, गाडी पात्रात उतरवू नका. चाकं रुततात, आणि वरच्या धरणातून पाणी सोडलं तर निघायला वेळ मिळत नाही.

दिवस कसा बसतो

थंडीत सव्वासहाला उजाडतं, पण सातपर्यंत दव असतं आणि वाळूचं ग्रीन ओलं राहतं. आधी चहा, टायर बघणं आणि पॅनेल पुसणं. टायरची हवा थंड असतानाच मोजा. ६० पीएसआयच्या टायरात दर दहा अंशांमागे सुमारे अडीच पीएसआय वाढते. दुपारी मोजून कमी केली तर पहाटे टायर बसलेला दिसतो. साडेसात ते साडेनऊ खेळ. फेब्रुवारीत तो तासभर अलीकडे घ्या.

स्वयंपाक दिवसातून एकदाच पूर्ण करा, सकाळी. ज्वारीच्या भाकरी, तुरीचं वरण, वांग्याचं भरीत आणि वरून सांबार, म्हणजे कोथिंबीर. रात्री भाकरी शिळ्या, वरण तेवढं गरम. पाच किलोचा सिलिंडर दोघांना तीन आठवडे सहज जातो. एलपीजी हवेपेक्षा जड, म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला जाळी तळाशी हवी, वर नव्हे. थंडीत दारं लावून शेगडीवर गाडी गरम करू नका. दोन रजया घ्या. उन्हात खेळून डोकं धरलं तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट प्या. चमचा चहाचा, आणि मीठ अर्ध्याच्या वर नाही.

भांड्यांचं पाणी मुरमात हातभर खड्डा करून जिरतं. काळ्या मातीत ते साचून डास होतात. तिथे ते बादलीत धरून वाटेच्या कडेला पसरून टाका, विहिरीपासून लांब. सुट्या कॅसेटच्या (मैल्याच्या काढता येणाऱ्या टाकीच्या) संडासात जंतुनाशक रसायन कमी घाला आणि कॅसेट दर तीन दिवसांनी गावातल्या संडासात, मालकाला विचारून, रिकामी करा. नाल्यात ओतलेली कॅसेट गावात तासाभरात कळते.

अंधार पडल्यावर बाहेर खाट टाकून झोपायचा मोह आवरा. मण्यार रात्रीच फिरते आणि झोपेत चावली तर कळतही नाही. दारं-खिडक्यांना बारीक जाळी, बूट आत, आणि सकाळी पाय घालण्याआधी ते उलटे करून झटका. मुक्कामाला पोचलात की त्याच संध्याकाळी विचारून ठेवा की सापाची लस कोणत्या ग्रामीण रुग्णालयात मिळते आणि रात्री तिथवरचा रस्ता कसा आहे.

जागा सोडताना भोकातला पाइप काढून खड्डा बुजवा. खळं मात्र मालकाला विचारल्याशिवाय मोडू नका. तूर, हरभरा वाळवायला त्याला ते हवं असू शकतं.